बुधवारी गळणाऱ्या झावळ्या

हायलीया,
रविवार, २४ मे

प्रिय एदेल्मिराताई,

कर्र्र... सळ्ळ्ळ... धप्प!

नमस्काराच्या आधी हा आवाज लिहितोय, कारण आज सकाळी कॉफी ढवळताना तो कानात आला आणि अजून गेलेला नाही. क्युबातल्या आपल्या सान रोकेच्या शाळेमागचा रॉयल पाम! आबुंदियो मास्तर डोळे मिटून कविता म्हणायचे, आम्ही मागून सूर लावायचो,

हे उंच वृक्षराजा, तू मागसी न काही,
देतोस सोडुनी जे, ते मोजतोस नाही

आणि नेमकं 'सोडुनी'पाशी बाहेर वरून एक वाळकी झावळी सुटायची. आधी कापड फाटल्यासारखा कर्र्र, मग हवेतली सळसळ, मग जमीन हादरवणारा धप्प. मास्तरांचे डोळे उघडेपर्यंत निम्मा वर्ग खिडकीतून पसार! झावळीच्या बुडाचा तो रुंद, होडीसारखा भाग ज्याच्या हाती लागेल तो त्या दिवसाचा राजा. त्यात बसायचं आणि टेकडीवरून सुसाट खाली. (राजा बहुतेक वेळा तूच व्हायचीस. मी मागे थांबून कविता पूर्ण करायचो. मास्तर म्हणायचे, 'एलिओदोरो, तू खरा रसिक.' पोरं वेगळंच काहीतरी म्हणायची, ते लिहीत नाही.)

असो. आता रीतीप्रमाणे. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्याकडे होमस्टेडला आंब्याला पाड लागला असेल. गाडी अजून तूच चालवतेस ना? (ओदालिस म्हणते, तुझ्या शेजारी बसून घरी आलं की देव पूर्वीपेक्षा जवळचा वाटतो.) तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, त्यामुळे काळजी घे म्हणण्याचा मला अधिकार नाही, पण घे. आम्ही दोघं नवरा-बायको ठीक. माझा रक्तदाब गोळ्यांच्या धाकात आहे. ओदालिसचा खांदा, दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली तेव्हापासून, दुखराच होता, पण हल्ली ती रोज सकाळी झाडूचा लांब दांडा डोक्यावर उंच धरते आणि खाली ओढते, पुन्हा धरते, पुन्हा ओढते. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणे. काल तर असा काही जोर लावला की मी म्हटलं, अगं, छत खाली आणतेस की काय! 'म्हातारबुवा, तुमची कॉफी निवतेय,' एवढंच म्हणाली.

तू म्हणशील, तासाभरावर राहतो मेला आणि पत्र कसलं लिहितो, फोन कर की. ताई, फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात ओदालिस आहे. शिवाय माझ्या दारात जे चाललंय ते फोनवर सांगण्याजोगं नाही. त्याला कागदच हवा, आणि तोही पाठपोट.

माझा पाम तुला ठाऊकच आहे. गादीच्या कारखान्यातून निवृत्त झालो त्या आठवड्यात रस्त्याकडेच्या एका ट्रकवरून रोप घेतलं होतं, त्याला चौदा वर्षं झाली. विकणारा म्हणाला होता, 'रॉयल आहे आजोबा, अस्सल, क्युबातल्या झाडाचा नातू.' मी तिथेच उभा राहून त्याला आबुंदियो मास्तरांची कविता म्हणून दाखवली. (त्यानं एक मोकळी कुंडी फुकट दिली. कवितेमुळे दिली की मी जावं म्हणून दिली, हे कळायला मार्ग नाही.) पहिल्या वर्षी तू जेवायला आली होतीस. अंगणात उभी राहून तू त्या रोपाकडे बराच वेळ बघितलंस आणि तोंड उघडलंस, तेवढ्यात ओदालिसनं तुला ओढत टेबलापाशी नेऊन ताटात काळ्या घेवड्याचा आणि भाताचा डोंगर घातला. तो संपतो न संपतो तोच दुसरा डोंगर. तुझं बोलणं राहूनच गेलं. काय म्हणणार होतीस गं तेव्हा? जन्मभर पामवर चढून डुकरांसाठी फळांचे घोस उतरवणाऱ्या कासिमिरोकाकांची तू मुलगी, तुला काहीतरी खास दिसलं असणार.

आणि झाड निघालंही तसंच गुणी. थोडं मोठं झाल्यावर आपल्या शाळेतल्यासारख्याच झावळ्या आपल्या आपण टाकू लागलं. फक्त एक विक्षिप्तपणा. टाकायचं ते बुधवारी. बुधवारी मी पार्कात डॉमिनो खेळायला जातो, दुपारी परततो, तर गवतावर एक झावळी व्यवस्थित आडवी पडलेली. कधी दोन. मी घरी असताना एकदाही पडली नाही. मला यात झाडाचं शील दिसलं. घरच्या माणसासमोर अंगावरचं टाकायला लाजतं, असं मी डॉमिनोतल्या बाल्दोमेरोला सांगितलं, तेव्हा त्यानं डावातली दुहेरी नऊची सोंगटी चुकीच्या जागी लावली. या विषयावर मी एक रचनाही केली होती, तिचा मुखडा असा:

बुधवारच्या दुपारी आली गळून खाली,
नव्हतो घरात मी अन् ही झावळी निघाली!

(ओदालिसला वाचून दाखवली तेव्हा ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा तसा तिनं एप्रन लावला. कविता करुण रसातली होती.)

पण दोन वर्षं झाली, झाडानं एकही झावळी टाकलेली नाही. वाळतात, मान टाकतात आणि लटकून राहतात. आता नऊ झाल्यात. भिजल्या कोंबड्यासारखं ध्यान दिसतं. वारा आला की सगळ्या मिळून खोडावर अशा घासतात की दमेकरी म्हाताऱ्यांची सभा भरल्यासारखं वाटतं. मी रोज सकाळी खाली उभा राहून सांगतो, टाक बाबा, टाक. लाजू नको. मी पाठ करून उभा राहतो. पाठ करून उभाही राहिलो. सोराइदा, आमची पलीकडची शेजारीण, तिच्या खिडकीतून ओरडली, 'ओदालिस, तुझा नवरा भिंतीला तोंड करून उभाय गं! कोणी शिक्षा केली?'

मग आली नोटीस. वसाहतीच्या कमिटीचा अध्यक्ष सध्या बाल्दोमेरो, म्हणजे माझा बावीस वर्षांचा डॉमिनोचा जोडीदार. वादळाचा मोसम एक जूनला सुरू होतो, तेव्हा येत्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या वाळक्या झावळ्या उतरल्या पाहिजेत. नाहीतर कमिटीचा माणूस येईल, आणि खोड सोराइदाच्या गाडीवर कललेलं असल्यामुळे तो झावळ्यांत वेळ न घालवता झाड बुंध्यापासून काढेल. बुंध्यापासून, ताई! खाली सही, 'आपला, बाल्दोमेरो.' मी पार्कात जाऊन भर डावात विचारलं, आपला म्हणजे कोणाचा रे? तो म्हणाला, 'एलिओदोरो, मी अध्यक्ष म्हणून लिहिलंय, मित्र म्हणून मी तुला रोज सांगतोच आहे की ते झाड...' पुढचं मी ऐकलं नाही. सोंगट्या टेबलावर पालथ्या केल्या आणि उठलो. त्याला तीन बुधवार झाले. मी पार्काचं तोंड पाहिलेलं नाही. घरीच असतो. ओदालिस मात्र दर बुधवारी सकाळी विचारते, 'जात नाही का आज? जा की. थोडा वेळ तरी?' तिला माझ्या मैत्रीची केवढी काळजी!

माणूस बोलावून का घेत नाहीस, असं तू विचारशील. एक तर वादळाआधी सगळे कापणारे महिनाभर अडकलेले. दुसरं म्हणजे ती माणसं झाडाची अशी हजामत करतात की वर तीन झावळ्या उरतात आणि झाड जळमटं काढायच्या झाडूसारखं दिसतं. आणि तिसरं म्हणजे, ज्याला आपण 'मागसी न काही' म्हणून गौरवलं, त्याच्या अंगावर परक्या माणसाची करवत? जे करायचं ते मीच करणार. तेव्हा प्रश्न उरला हत्याराचा, आणि इथून माझ्या हालअपेष्टा सुरू होतात.

पहिला मान अर्थात कोयत्याला. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर टांगलेला आपल्या आजोबांचा उसाचा कोयता काढला, धार लावली आणि मासे पकडायच्या दोरीनं शिडीच्या एका लांब दांड्याला बांधला. (शिडीला आता एकच दांडा आहे. ओदालिसला अजून माहीत नाही.) पवित्रा घेऊन, कविता म्हणत, खालून वर असा वार केला. झावळी हलली नाही. कोयता मात्र दांड्याचा निरोप घेऊन निघाला आणि उन्हात चमकत सोराइदानं नातवंडांसाठी फुगवून ठेवलेल्या पोहण्याच्या हौदात उतरला. नातवंडं नशिबानं घरात टरबूज खात होती. हौद सुस्कारा टाकून बसला आणि सगळं पाणी माझ्या भेंड्यांत आलं. (भेंड्या खूश आहेत.) ओदालिस स्वयंपाकघरातून न वळताच म्हणाली, 'झावळीला मारायचं नसतं म्हातारबुवा, ओढायचं असतं.' हिला काय ठाऊक!

दुसऱ्या दिवशी मोठ्या हत्यारांच्या दुकानात गेलो. ताई, तिथे एक अख्खी गल्ली फक्त झाडं कापायच्या सामानाची आहे. दोन हातांनी दाबायच्या मोठ्या कात्र्या, वाकड्या पात्याच्या करवती, आकड्यासारखी पाती, एकात एक घुसणारे दांडे, बॅटरीवर चालणाऱ्या साखळीच्या करवती. मी त्या गल्लीत ग्रंथालयात फिरावं तसा फिरलो. विल्नेर नावाचा एक हैतीचा मनुष्य तिथे विक्रेता आहे. गंभीर, वकिलासारखा. त्यानं उलटतपासणीच घेतली. झाड किती उंच? दोन मजले. जवळून विजेची तार जाते? जाते. 'मग धातूचा दांडा हातातसुद्धा धरू नका. फायबरचा घ्या. डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी. झावळीच्या खाली नाही, बाजूला उभं राहायचं. करवत देठावर ठेवायची आणि खाली ओढायची. फक्त वाळलेल्या कापा, हिरवीला हात लावू नका, झाड त्यावरच जगतं. घरी शिडी आहे?' अर्धी आहे म्हणालो. 'तीही कोणाला तरी देऊन टाका,' तो म्हणाला.

मग त्यानं भिंतीवरून वाकड्या पात्याची एक साधी, लांब दांड्याची करवत काढली आणि सहज विचारलं, 'पाम कुठला?'

'रॉयल!' मी छाती काढून म्हणालो.

त्यानं करवत शांतपणे परत खुंटीला लावली. 'मग काही घेऊ नका. रॉयल आपली झावळी आपण टाकतो. वाळून लटकून राहते ती क्वीन पामची. लांबून बघितलं तर दोघं सारखेच दिसतात. पुष्कळ लोक फसतात.'

'तो आजारी आहे,' मी म्हणालो.

'काय होतंय?'

'दोन वर्षं त्याचं मन लागत नाही.'

विल्नेरनं माझ्याकडे बघितलं. मग करवत पुन्हा खाली काढली. भला माणूस. पण मला आता ती साधी करवत घेववेना. तिच्याकडे बघितलं की 'क्वीन, क्वीन' असं ऐकू यायला लागलं. म्हणून मी मानानं बॅटरीवाली घेतली.

ताई, तू कधी दारू प्यालेल्या उंटाची मान दोन्ही हातांनी धरली आहेस का? मोटर टोकाला, वजन टोकाला, आणि खाली मी. यंत्र सुरू होताच ते झाडाकडे सोडून सगळीकडे गेलं. आधी कपड्यांची दोरी कापली. दोरीवर ओदालिसचा पिवळा गाऊन होता, तो साखळीत अडकून गरागरा फिरू लागला. सोराइदा ओरडली, 'ओदालिस, धाव! तुझा नवरा तुझ्या गाऊनबरोबर नाचतोय!' पुढे आंब्याची एक चांगली फांदी गेली, कच्च्या सात आंब्यांसकट. ओदालिसनं येऊन बटण बंद केलं, गाऊन सोडवला, आणि यंत्र एका हातानं तोलून बघत म्हणाली, 'टोक जड आहे. अशानं खांदा जातो.' मी ते मुकाट्यानं दुकानात परत केलं. विल्नेरनं कारण विचारलं नाही. साखळीतून पिवळा धागा काढून तेवढा माझ्या हातात दिला.

तर अशी स्थिती आहे. शुक्रवार पाच दिवसांवर, झावळ्या नऊच्या नऊ वर, बाल्दोमेरोशी अबोला, हातात हत्यार नाही. माझं मागणं काहीच नाही. फक्त काकांची मुलगी या नात्यानं सल्ला दे, की कोयता, कात्री, आकडा, करवत यांतलं रॉयल पामच्या मानाला शोभेल असं काय घेऊ? गुडघ्याला जप. ओदालिस आठवण काढते. (आत्ता छताखाली दांडा घेऊन व्यायाम करतेय, म्हणून तिच्या वतीनं मीच लिहितो.)

तुझा धाकटा,
एलिओदोरो

ता. क. सोमवार. आज पोस्टाला सुट्टी, म्हणून पत्र घरीच राहिलं. बरं झालं, कारण वरचं सगळं रद्द समज.

कपड्यांची दोरी पुन्हा बांधायला गॅरेजमध्ये दोरी शोधत होतो. ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यामागे, अख्खं डुक्कर भाजायच्या पेटीच्याही मागे, भिंतीला टेकून काहीतरी उभं होतं. जुन्या चादरीत गुंडाळलेलं. सोडलं, तर वाकड्या पात्याची करवत, फायबरचा लांब दांडा. विल्नेरनं खुंटीवरून काढली होती अगदी तशीच, पण वापरून वापरून गुळगुळीत झालेली. दांड्याला पकडीच्या जागी निळ्या फुलांच्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळलेली. ते कापड मी ओळखतो. तो ओदालिसचा जुना एप्रन. वर, ती पूर्वी काम करायची त्या शर्टांच्या कारखान्यातला डोळ्यांवर घालायचा चष्मा लटकवलेला. आणि करवतीच्या दातांत झावळीचा एक वाळलेला धागा.

मी रंगाच्या डब्यावर बसलो, ताई. मला सगळे बुधवार आठवायला लागले. मी दुपारी यायचो तेव्हा ती पंख्याखाली बसलेली असायची, गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले. मी विचारायचो, 'पडली का गं आज?' ती म्हणायची, 'पडली वाटतं. आवाज आला होता.' मी विचारायचो, 'कसा? नीट सांग.' आणि ती दर वेळी, दर बुधवारी, हातातला कॉफीचा कप खाली ठेवून, मी शिकवला होता तस्सा आवाज काढून दाखवायची. कर्र्र... सळ्ळ्ळ... धप्प. मग तिचा खांदा गेला, आणि मी म्हणत राहिलो की झाडाचं मन लागत नाही.

तेव्हा तो क्वीन पाम आहे. असू दे. लांबून सारखेच दिसतात, मी लांबूनच बघत जाईन. तू तोंड उघडलंस तेव्हा काय म्हणणार होतीस, तेही आता कळलं. भाताचे दोन डोंगर का, तेही.

ता. क. दुसरा. सोमवार दुपार. आता खरं मागणं. करवत मी होती तशीच, चादरीची घडीसुद्धा तीच ठेवून, जागेवर लावली आहे. मला कळलंय हे ओदालिसला कळता कामा नये. तू एवढंच कर. गुरुवारी सकाळी तिला तुझ्याकडे बोलावून घे. आंब्याचा मुरंबा घालायचाय म्हण, गुडघा दुखतोय म्हण, काहीही म्हण, पण दिवसभर ठेवून घे. तिच्या खांद्याला आता वर जायचं नाही. मी जमिनीवर उभा राहून, चष्मा लावून, बाजूनं, न मारता, ओढत, एकेक झावळी उतरवीन. हिरवीला हात लावणार नाही. संध्याकाळी ती आली की अंगणात नऊ झावळ्या आडव्या पडलेल्या असतील आणि मी पंख्याखाली कॉफी पीत बसलेला असेन. ती विचारेल, पडल्या का? मी म्हणेन, पडल्या वाटतं. ती विचारेल, कसा आवाज आला? तेवढा मला चांगला येतो.

ता. क. तिसरा. मंगळवार, सकाळचे आठ. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाहेर गाडीचा ब्रेक असा किंचाळला की सोराइदाच्या कोंबड्या उडाल्या. बेल वाजली. दार उघडलं, तर दारात तू! डोक्यावर काकांची गवताची टोपी, हातात गाडीची किल्ली, आणि आल्या आल्या म्हणतेस, 'कविराज, चपला घाल. दोन दिवस माझ्याकडे यायचंय तुला. ओदालिसचा फोन आला होता, घरात बसून बसून कंटाळलाय म्हणे.' आणि मागे वळून बघतो तर ओदालिस माझ्या गोळ्या, पायजमा आणि कवितांची वही भरलेली पिशवी घेऊन उभी आहे, आणि मोकळ्या हातानं खांदा फिरवून बघतेय.

ताई, तू माझ्यासमोर चार हातांवर कॉफी पीत बसली आहेस आणि मी हे लिहितोय, कारण बोललो तर स्वयंपाकघरात ऐकू जाईल. ओदालिसला सांगितलंय की चष्मा सापडत नाही, तो सापडला की निघू. हे पत्र आता तुझ्या पर्समध्ये सरकवतो. न्हाणीघरात जा, कडी लाव, शेवटापासून वाच. आणि बाहेर येऊन तूच ठरव, आमच्या दोघांपैकी कोणाला गाडीत घालायचं.

एलि.